बोलणारा नको, दाखवणारा दे

‘बोलणारा नको. दाखवणारा दे.’

दुकानात शिरल्या शिरल्या रेडिओ एवढंच म्हणाला आणि स्टुलावर बसला. त्याचं खरं नाव वेगळं होतं. पण भाड्याच्या गाड्या जिथे उभ्या राहतात तिथले सगळे ड्रायव्हर त्याला रेडिओ म्हणायचे, कारण तो एकदा सुरू झाला की बंद व्हायचा नाही. गिऱ्हाईक बसल्यापासून उतरेपर्यंत हवा, रस्ते, खोदकाम, गुडघेदुखी, परत हवा.

दुकान त्याच्या बायकोच्या भावाचं. म्हणजे मेहुण्याचं. गाड्यांचं सामान: सीटकव्हर, मॅट, हॉर्न, मागचं दाखवणारे कॅमेरे. आणि काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, रस्ता सांगणारी यंत्रं.

मेहुण्याने चार-पाच यंत्रं काउंटरवर मांडली आणि एकेक सुरू केलं. प्रत्येकातली बाई बोलायला लागली. ही बघा, ही मऊ बोलते. ही जरा शिक्षिकेसारखी, चुकलात तर दोनदा सांगते. हिचे शब्द एकदम स्पष्ट, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना फार आवडते. मेहुणा एखाद्याच्या लग्नासाठी स्थळं दाखवावीत तसा रंगात आला होता.

रेडिओ एकेक यंत्र उचलत होता आणि दुकानाबाहेर नेत होता. फूटपाथवर, भर उन्हात, ते छातीसमोर धरायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे बारीक करायचे. बाण दिसतो का? वळायच्या आधी किती लवकर दिसतो? पुलावर जाणारा रस्ता आणि पुलाखालून जाणारा रस्ता वेगळे रंगवलेत का? यंत्रातली बाई त्याच्या छातीशी काहीतरी बोलत राहायची. त्याचं लक्ष नसायचं.

‘भाऊजी,’ मेहुणा म्हणाला, ‘घरी ताईचं ऐकावं लागतं त्याचा राग या बिचारीवर का काढताय?’

रेडिओ मनापासून हसला. मेहुण्याचा आवाज जाड होता, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. त्याचं सगळं बोलणं रेडिओला समजायचं.

बाकीच्यांचं समजत नव्हतं. तेच तर होतं.

*

कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. आधी पाखरं गेली. पाखरांची कोण दखल घेतो? मग कुकरची शिट्टी गेली, फोनची रिंग गेली. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे झाले, मग दोन भिंतींपलीकडून. इंजिन यायचं. ट्रकचा हॉर्न यायचा. पुरुषांचे जाड आवाज यायचे. म्हणजे अर्धं जग शिल्लक होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला रेडिओ हसून ‘हो’ म्हणायचा.

शिवाय तो बोलायचा. पूर्वीही बोलायचाच, पण आता जास्त. आपण बोलत असलो की समोरच्याला बोलता येत नाही, आणि समोरचा बोलला नाही की आपल्याला ऐकावं लागत नाही.

घरी हे चालून जायचं. गाडीत नाही. गाडीत मागे बसलेला माणूस अचानक म्हणतो, इथून आत घ्या. किंवा, नको, आधी औषधांच्या दुकानाकडे चला. किंवा, अहो थांबा, उतरायचं होतं. रेडिओ आरशात तोंडं वाचायला शिकला होता, पण रस्ता आणि आरसा दोन्ही एकदम वाचता येत नाहीत. सांगितलं तिथे ड्रायव्हर वळला नाही, अशा तक्रारी गाड्यांच्या मालकीणबाईंकडे गेल्या होत्या. त्यांनी त्याला समोर उभं करून समज दिली होती. आणखी एक तक्रार आली तर किल्ली टेबलावर ठेवायची. हे त्याला ओठांवरून नीट वाचता आलं, कारण मालकीणबाईंनी ते अगदी सावकाश सांगितलं.

गाडी चालवण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं. यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

मग त्याला ही युक्ती सुचली. गिऱ्हाईक बसलं की त्याच्या फोनवरचा पत्ता स्वतः डोळ्यांनी बघायचा, यंत्रात घालायचा, आणि बाण दाखवेल तसं जायचं. वाट सांगायची कुणाला गरजच उरणार नाही. स्वतःच्या फोनवरही नकाशा होता, पण त्याचा पडदा बोटभर, आणि मालकीणबाईंना ड्रायव्हरच्या हातात फोन दिसलेला खपायचा नाही. वेगळं यंत्र पाहिजे. मोठं. पक्कं बसवलेलं. आणि मुकं. बाई म्हणेल वळा, मागचा माणूस ऐकेल, आणि ड्रायव्हर तसाच बसलेला दिसेल, हे तर आणखी वाईट. लगेच पकडले जाऊ.

यातलं मेहुण्याला काही सांगायचं नव्हतं. मेहुणा म्हणजे बायकोपर्यंत जाणारा सरळ रस्ता.

*

ताटलीएवढ्या पडद्याचं यंत्र ठरलं. बाण जाड, हिरवा. चौक यायच्या आधी चौकाचं चित्र मोठं होऊन समोर यायचं.

बसवायचं कुठे यावर थोडी वादावादी झाली. मेहुणा म्हणाला काचेला चिकटवू, रबरी वाटी दाबली की झालं. रेडिओ म्हणाला उन्हाने वाटी सुटते आणि यंत्र मांडीत पडतं, त्याने दुसऱ्यांच्या गाडीत बघितलंय. मग मेहुण्याने डॅशबोर्डची पट्टी प्लॅस्टिकच्या पातळ पात्याने हळूच उचकटली, आतून वायर घेतली, फ्यूजच्या डब्यापर्यंत नेली, आकाशाकडे बघणारं काड्यापेटीएवढं अँटेना काचेखाली कोपऱ्यात चिकटवलं. गाडी सुरू केली की यंत्र आपोआप सुरू, बंद केली की बंद.

आवाज त्याने रेडिओच्या देखत बंद केला. पडद्याच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी होती. बोटाने खाली ओढली की आवाज कमी, वर नेली की जास्त. त्याने ती तळाला नेली. ‘घ्या. बाईसाहेब गप्प.’

आणि मग त्याला प्रेमाचं भरतं आलं. सख्ख्या बहिणीचा नवरा, पहिल्यांदाच काही बसवून घ्यायला आलाय. त्याने न विचारता मागच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवले आणि यंत्राची वायर त्यांना जोडून टाकली. पुढेमागे मन बदललं तर असू दे, म्हणाला. भेट समजा.

आता इथे एक गोष्ट सांगायची आहे, ती साधी आहे, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. रेडिओ रोज सकाळी गाडी पुसायचा. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. आणि काच तो नेहमी खालून वर पुसायचा. वरून खाली पुसलं की ओघळ राहतात, असं त्याच्या हाताला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पुढची काच पुसली, आरसे पुसले, मग नव्या यंत्राचा पडदा. मायेने. खालून वर. उजव्या कडेला जरा जास्त, कारण तिथे मेहुण्याच्या बोटाचा डाग होता.

आवाजाची पट्टी वर गेली. पार वर.

आवाज बंद

सकाळ. दातांची डॉक्टरीण गाडीत बसते. ठरलेलं गिऱ्हाईक, पण आज दवाखान्यात नाही, कुठे दुसरीकडे जायचंय. रेडिओ हात पुढे करतो, ती फोन दाखवते, तो पत्ता यंत्रात घालतो. जमलं. गाडी निघते.

रेडिओ हवेबद्दल बोलायला लागतो.

आरशात डॉक्टरणीचं तोंड हलतं.

— ………

‘हो, हो,’ रेडिओ म्हणतो.

हिरवा बाण डावीकडे. रेडिओ डावीकडे. काय सुरेख वळतो बाण. रेडिओ खोदकामाबद्दल बोलतो. मागच्या दारात कसलीतरी थरथर आहे, सीटमधून पाठीला लागते, एखादा स्क्रू ढिला असावा. बघायला पाहिजे.

— ………… …… ………

डॉक्टरीण पुढे वाकून बोलते आहे. तिच्या हनुवटीखाली कामावरचा मास्क लटकतोय. चेहरा वैतागलेला? नाही, उन्हाने डोळे बारीक झालेत.

‘अगदी बरोबर,’ रेडिओ म्हणतो.

ती मागे टेकते. पर्स उघडते. कापसाच्या छोट्या सुरळ्या काढते आणि दोन्ही कानांत घालते. अरे, बिचारीला सर्दी झालीय, कानात वारं जात असणार. रेडिओ काळजीने सगळ्या काचा वर करतो.

ती उतरते तेव्हा काही बोलत नाही. रेडिओला वाटतं, किती महिन्यांनी एक भाडं न चुकता पोचवलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. तो एकटाच गाडीत मोठ्याने हसतो.

आवाज चालू

‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा,’ दोन्ही दारांतून बाई गरजते. खिडकीबाहेर सायकलवरचा माणूस दचकतो.

डॉक्टरीण म्हणते, बाप रे, जरा कमी करता का?

‘हो, हो,’ ड्रायव्हर म्हणतो आणि हवेबद्दल बोलत राहतो.

‘आता डावीकडे वळा. आता डावीकडे वळा.’

डॉक्टरीण पुढे वाकते. अहो, हिचा आवाज कमी करा, माझं डोकं फुटेल, रोज दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकते मी.

‘अगदी बरोबर,’ ड्रायव्हर म्हणतो. गोड हसतो. आवाज तसाच.

तिला कळत नाही की हा उद्धट आहे की विनोदी. शेवटी ती पर्समधला दवाखान्यातला कापूस कानांत कोंबते. तर हा माणूस तिच्याकडे आरशातून बघतो आणि सगळ्या काचा वर करतो. आता बाई बंद डब्यात गरजते.

*

आठवडाभर हे चाललं. एक म्हातारे गृहस्थ मात्र खूश झाले, पहिल्यांदाच कुणाचंतरी बोलणं पूर्ण ऐकू आलं म्हणून. बाकी सगळ्या बायका आणि मुलं, त्यांनी आवाज कमी करायला सांगितलं, आणि सगळ्यांना ‘हो, हो’ मिळालं. एक लहान मूल रडायला लागलं, तेव्हा रेडिओने त्याला आरशातून तोंडं करून दाखवली. ते आणखी रडलं.

रेडिओ रोज सकाळी पडदा पुसत होता. खालून वर.

दारातल्या थरथरीने मात्र तो बेजार झाला. बायको भाजी चिरत असताना त्याने तिला त्या थरथरीबद्दल सांगितलं. ती काही म्हणाली, तो हो म्हणाला. मग त्याने दाराच्या फटीत जुन्या सतरंजीची पट्टी कोंबली. फरक पडला नाही.

शेवटी मालकीणबाईंचा मेसेज आला. शनिवारी गाडी घेऊन ये. बोलायचं आहे.

त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला. तक्रार आली. पण कसली? या आठवड्यात तो कुठेही चुकला नव्हता. मग त्याची ट्यूब पेटली: दार. दाराचा खडखडाट. गिऱ्हाइकांना त्रास होत असणार, आपल्याला कमी ऐकू येतं म्हणून आपल्याला नुसती थरथर कळते. शनिवारच्या आत दार दुरुस्त झालं की मालकीणबाईंसमोर उभं राहता येईल.

तो तडक मेहुण्याकडे गेला.

मेहुणा दुकानातून हात पुसत बाहेर आला. रेडिओने गाडी दुकानासमोर लावली होती, इंजिन चालू ठेवलं होतं, आणि मागचं दार उघडून उभा होता. नकाशावर आधीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता तसाच होता.

‘मागे फिरा,’ गाडी ओरडली. ‘शक्य तिथे मागे फिरा.’

समोरच्या दुकानातला चष्मेवाला दारात आला. फूटपाथवरचं कुत्रं उठून लांब गेलं. मेहुण्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

‘ये, ये, इकडे ये,’ रेडिओ म्हणाला. त्याने दारावर पंजा ठेवला होता, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. ‘इथे हात लाव. कळतं का? अशी थरथर. मधेच थांबते, परत सुरू. मला वाटतं तुझ्या स्पीकरचा स्क्रू सुटलाय. मागे बसणाऱ्याला तर नक्की ऐकू जात असणार.’

‘शक्य तिथे मागे फिरा,’ बाई म्हणाली.

मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. चेष्टा करतोय असं समजून त्याने हसायला तोंड उघडलं. रेडिओच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तो दारावर हात ठेवून, मान कलती करून, खरोखर त्या स्क्रूचा विचार करत होता.

मेहुण्याने तोंड मिटलं.

मग तो पुढच्या सीटवर वाकला आणि पट्टी बोटाने खाली नेली.

‘गेली,’ रेडिओ मागून म्हणाला. ‘काय केलंस?’

मेहुण्याने पट्टी वर नेली.

‘आली परत.’

खाली.

रेडिओ आता मागे नव्हता. तो दार सोडून पुढे आला होता. मेहुण्याचं बोट त्या उभ्या पट्टीच्या तळाशी होतं. रेडिओने बोटाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. रस्त्यापलीकडे दारात उभ्या राहिलेल्या चष्मेवाल्याकडे बघितलं. मग डॉक्टरणीच्या कानातला कापूस त्याच्या डोळ्यांसमोर आला असावा, कारण त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मेहुणा वळसा घालून शेजारी येऊन बसला आणि त्याने इंजिन बंद केलं.

‘भाऊजी. कधीपासून?’

आयुष्यात पहिल्यांदा रेडिओला सुरुवात कुठून करावी ते सुचेना. त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग सांगायला लागला. पाखरं, कुकर, फोन, तक्रारी, किल्ली. सांगता सांगता रेडिओला एक विचित्र गोष्ट जाणवली, की त्याला बरं वाटतंय. भीती तशीच होती, तिला धक्का लागला नव्हता, पण ती आता दोघांत वाटली गेली होती.

‘तुझ्या ताईला सांगू नकोस,’ तो शेवटी म्हणाला.

‘मी कशाला सांगू,’ मेहुणा म्हणाला. ‘तुम्ही सांगाल. आजच.’

मग त्याला राहवलं नाही. हसू दाबायचा त्याने खरंच प्रयत्न केला, खांदे हलायला लागले. ‘स्क्रू,’ तो म्हणाला. ‘स्क्रू सुटलाय.’ आणि दोघंही इतके हसले की चष्मेवाल्याने दार लावून घेतलं.

*

बायकोला सांगताना तो टेबलाच्या या बाजूला बसला आणि तिला समोर, उजेडाकडे तोंड करून बसवलं. हे मेहुण्याने शिकवलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती टेबलावरचा डाग नखाने खरवडत बसली. त्याला वाटलं, आता भडका उडणार.

‘मी स्वयंपाकघरातून हाक मारते,’ ती म्हणाली, एकेक शब्द त्याला दिसेल असा, ‘आणि तुम्ही मान वर करत नाही. किती दिवस झाले. मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय.’

रेडिओ हो म्हणणार होता, सवयीने. त्याने जीभ आवरली.

‘तुझा?’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, तूच हाका मारायची बंद झालीस.’

तिने डोळे पुसले, पदराने नाही, भांडी पुसायच्या फडक्याने, कारण तेच हाताशी होतं. मग तिला एकदम आठवायला लागलं. म्हणजे धाकटी नणंद महिनाभर राहायला येऊ दे, याला हो म्हणालात ते? न ऐकता? आणि बेडरूमची भिंत जांभळी करू, ते? रेडिओला जांभळ्या भिंतीची नुकतीच सवय झाली होती. तो इतके दिवस समजत होता की रंगाऱ्याची चूक झालीय.

दुसऱ्या दिवशी ती त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हणजे गाडी त्यानेच चालवली. डॉक्टरांनी कानांत बघितलं, एका बंद खोलीत बसवून तपासणी केली, आणि म्हणाले, कानांत ऐकायची यंत्रं लावली की बायकोचं सगळं ऐकावं लागेल, तयारी ठेवा. यंत्रं यायला काही आठवडे लागतील. गाडी चालवायला हरकत नाही, बाजूचे आरसे मात्र मोठे लावा. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

राहिला शनिवार.

*

मालकीणबाईंचं ऑफिस म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यातली काचेची खोली. टेबलावर किल्ल्यांची लाकडी फळी, चहाचा कप, टेबलफॅन. त्या बोलायला लागल्या, पण फॅनकडे तोंड करून, आणि रेडिओला काही कळलं नाही.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘तुम्ही काही बोलायच्या आधी मी बोलतो. आणि माझ्याकडे बघून बोला, नाहीतर मला कळणार नाही.’

मग त्याने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होता, त्यामुळे आता सोपं गेलं. शेवटी त्याने किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मालकीणबाई भडकल्या. पण त्याला वाटलं होतं त्या गोष्टीवर नाही. कानांवर नाही, आवाजावरही नाही. आवाजाच्या तक्रारीचं तर त्यांना हसूच येत होतं. डॉक्टरीण फोनवर म्हणाली होती की तुमच्या ड्रायव्हरने मला भाषण ऐकवत नेलं. त्यांना राग आला तो इतके दिवस लपवल्याचा. माझ्या गाड्यांत लोक आपला जीव सोपवून बसतात, त्या म्हणाल्या. ब्रेक खराब झाला तर मला सांगतोस ना? मग हे का नाही सांगितलंस?

‘घाबरलो,’ रेडिओ म्हणाला.

एवढ्या छोट्या उत्तराची त्याच्याकडून कुणालाच सवय नव्हती. मालकीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. डॉक्टरांचा कागद वाचला. त्याच्याकडे बघितलं, काचेपलीकडच्या गाडीकडे बघितलं. मग किल्ली उचलली आणि त्याच्या हातात दिली.

‘चल. मी मागे बसते. माझ्या बहिणीच्या घरी ने. कशी चालवतोस ते बघते, मग ठरवते.’

पत्ता त्यांनी स्वतः यंत्रात घातला. आवाजाची पट्टी तळाशी आहे याची खात्री केली, बोट लावून, दोनदा.

रेडिओने गाडी बाहेर काढली. बाजारातून नेली, शाळेपुढे हळू केली, ट्रकला जागा दिली. मोठे आरसे आजच मेहुण्याने बसवले होते. त्यांत मागचा रस्ता भरपूर दिसत होता. बोलायचं त्याला सुचलंच नाही. वळणावर बाण, बाणाप्रमाणे वळण. आतल्या आरशात मालकीणबाईंचा चेहरा दगडासारखा.

पुलाजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. आरशात त्यांचे ओठ हलले. तो वळून बघू लागला, तर त्यांनी हाताने पुढे बघ म्हणून खूण केली, आणि आरशाच्या बरोबर मध्यावर सरकून, सावकाश, परत म्हणाल्या.

‘सोमवारी डॉक्टरणीला तूच ने. पण ती बसायच्या आधी तिला सांग. दर गिऱ्हाइकाला सांगायचं. चालेल?’

‘चालेल,’ रेडिओ म्हणाला. मग आरशात बघून परत म्हणाला. ‘चालेल, मॅडम.’

सिग्नल हिरवा झाला. पडद्यावर बाण सरळ होता, पुलावर. रेडिओने क्लच सोडला, तेवढ्यात त्याच्या डाव्या खांद्यावर हात पडला. थोपटल्यासारखा, दोन वेळा.

क्षणभर त्याला कळलं नाही. मग कळलं. त्याने डावा आरसा बघितला, दिवा लावला आणि पूल सोडून डावीकडे वळला. बहिणीच्या घरी जायची मालकीणबाईंची स्वतःची वाट असणार. कारखान्याच्या भिंतीला लागून एक अरुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी दारात उलटी ठेवलेली खुर्ची. पुढे फाटा आला. हात उजव्या खांद्यावर पडला. रेडिओ उजवीकडे वळला.

पडद्यावर बाण गरगर फिरून मागे जायला सांगत होता. इथे रेडिओ पूर्वी कधी आला नव्हता. रस्ता आता सरळ होता आणि बराच लांबपर्यंत मोकळा. त्याने सगळ्या काचा खाली केल्या आणि ऑफिसपासून ताठ ठेवलेली पाठ सीटला टेकवली.